इंग्रजी वाक्यांतील विरोध कसा जोडावा?
बिदर व कलबुर्गी सीमाभागातील शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

‘अर्ज मुदतीत आला, परंतु कागदपत्रे अपूर्ण आहेत.’

‘कागदपत्रे अपूर्ण आहेत, परंतु अर्ज मुदतीत आला.’

या दोन वाक्यांत सांगितलेल्या गोष्टी त्याच आहेत. एकही शब्द कमी नाही वा अधिक नाही. तरीही पहिले वाक्य वाचणारा अधिकारी अर्ज परत पाठविण्याकडे झुकेल आणि दुसरे वाक्य वाचणारा अर्जदारास कागदपत्रे पुरी करण्याची संधी देण्याकडे झुकेल. ‘परंतु’ या लहानशा शब्दाच्या अलीकडे काय ठेवले आणि पलीकडे काय ठेवले, एवढ्यावर एखाद्या कुटुंबाचे काम होते किंवा अडते. विरोध दाखविणाऱ्या शब्दांचा अभ्यास हा केवळ परीक्षेतील गुणांचा विषय नाही, हे यावरून ध्यानात यावे.

मराठीत हे शब्द मूल आईच्या मांडीवरच शिकते. इंग्रजीत मात्र ते पुस्तकावरून शिकावे लागतात आणि तेथेच अनेक चुका होतात. या चुका सर्वच मराठी विद्यार्थ्यांच्या हातून होत असल्या, तरी बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात त्यांना एक वेगळे कारण आहे. ते कारण समजून घेतले, तर चूक दुरुस्त करणे सोपे जाते. म्हणून प्रथम या भागाच्या भाषिक परिस्थितीचा थोडक्यात विचार करू.

सीमाभागातील चार भाषा

बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरात व शेतात मराठी, कन्नड, तेलुगू किंवा दखनी बोलली जाई. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले; जहीराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद व औराद हा भाग गुलबर्गा जिल्ह्यासह म्हैसूर राज्यात आला. त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले आणि गुलबर्ग्याचे अधिकृत नाव २०१४ मध्ये कलबुर्गी झाले.

औराद, भालकी व बसवकल्याण या भागांतील, तसेच आळंद तालुक्यातील पुष्कळ गावांत आजही मराठी बोलली जाते. येथील मूल घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड ऐकते, शेजारी दखनी ऐकते आणि शाळेत या सर्वांच्या जोडीला इंग्रजी शिकते. प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे भारतीय संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. परंतु मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यास पुढील शिक्षण बहुधा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातूनच घ्यावे लागते. त्याचे इंग्रजी वाक्य नीट जुळले नाही, तर त्याचे ज्ञान असूनही ते कागदावर उतरत नाही. या पाठाचे महत्त्व त्यासाठी आहे.

एकच विचार, चार भाषांची चार घडणी

पाऊस आला व पीक आले नाही, अशा दोन गोष्टी घेऊ. पाऊस आला की पीक यावे, ही आपली अपेक्षा. ती येथे मोडली. या अपेक्षाभंगालाच व्याकरणात विरोध म्हणतात. तो निरनिराळ्या भाषांत असा दाखविला जातो :

मराठीत : ‘जरी पाऊस आला, तरी पीक आले नाही.’ येथे दोन खुणा आहेत. पहिल्या वाक्यात ‘जरी’ आणि दुसऱ्यात ‘तरी’.

कन्नडमध्ये : ‘मळे बंदरू बेळे बरलिल्ल.’ येथे स्वतंत्र शब्द नाही. ‘बंदरू’ या क्रियापदाच्या शेवटी असलेला ‘रू’ हाच विरोध दाखवितो. खूण एकच, तीही क्रियापदाला चिकटलेली.

उर्दूत : ‘अगरचे बारिश हुई, लेकिन फसल नहीं हुई.’ येथेही दोन खुणा आहेत आणि त्यांपैकी दुसरी ‘लेकिन’, म्हणजे सरळ ‘पण’ आहे.

इंग्रजीत : ‘ऑल्दो इट रेन्ड, द क्रॉप फेल्ड.’ येथे खूण एकच, ती स्वतंत्र शब्दाची, आणि ती विरोध सोसणाऱ्या गौण वाक्याच्या आरंभी येते.

मराठी व उर्दू या दोन्ही भाषांनी दोन खुणांची सवय लावलेली असते. त्यामुळे सीमाभागातील विद्यार्थी इंग्रजीतही दोन खुणा ठेवतो आणि लिहितो : ‘ऑल्दो इट रेन्ड, बट द क्रॉप फेल्ड.’ ही या पाठातील पहिली आणि सर्वांत अधिक आढळणारी चूक होय. तिचे मूळ विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणात नसून त्याच्या मातृभाषेच्या घडणीत आहे. म्हणून लाल शाईने ‘बट’ खोडून भागत नाही. मराठीचे वाक्य फळ्यावर लिहून ‘जरी’ आणि ‘तरी’ या दोहोंखाली रेघा ओढाव्यात आणि इंग्रजीला यांपैकी एकच चालतो, हे दाखवावे. ज्यांना कन्नड येते अशा मुलांपुढे ‘बंदरू’चे उदाहरण ठेवले, तर एकाच खुणेने काम कसे भागते ते त्यांना चटकन पटते. शेजारची भाषा अशा वेळी अडथळा न ठरता साहाय्यक ठरते.

येथे एक शंका संभवते. जुन्या इंग्रजी व्याकरणांत ‘दो’ आणि ‘येट’ ही जोडी दिलेली आढळते. ती चुकीची नाही. ‘येट’ हे ‘तरीही’ या अर्थाचे क्रियाविशेषण म्हणून तेथे येते. आजच्या लेखनात ही जोडी कमी वापरली जाते. ‘ऑल्दो’ अथवा ‘दो’ यांच्याबरोबर ‘बट’ मात्र केव्हाही येत नाही, कारण ‘बट’ दोन समान वाक्यांना जोडतो आणि ‘ऑल्दो’ एका वाक्याला दुसऱ्याच्या अधीन करतो. एकाच वाक्याला एकाच वेळी समान आणि अधीन करता येत नाही.

एक विचार, तीन रचना

मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत उभयान्वयी अव्ययांचे प्रकार विद्यार्थ्यांस परिचित आहेत. ‘पण’, ‘परंतु’, ‘परी’ ही न्यूनत्वबोधक. ‘जरी–तरी’ ही संकेतबोधक. पहिल्या प्रकाराने संयुक्त वाक्य होते, दुसऱ्याने मिश्र वाक्य होते. ‘असूनही’, ‘होऊनही’ अशा रूपांनी तोच विचार केवल वाक्यात मांडता येतो. इंग्रजीतही याच तीन रचना आहेत. मराठीचे व्याकरण शिकविताना केलेले श्रम येथे वाया जात नाहीत.

पाऊस उशिरा आला. तुरीचे पीक तगले, ही दोन विधाने घेऊ. तुरीचे मूळ खोल जात असल्याने हे पीक ताण सहन करते, हे कलबुर्गीच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

संयुक्त वाक्य : ‘द रेन्स केम लेट, बट द तूर क्रॉप सर्व्हाइव्ह्ड.’

मिश्र वाक्य : ‘ऑल्दो द रेन्स केम लेट, द तूर क्रॉप सर्व्हाइव्ह्ड.’

केवल वाक्य : ‘इन स्पाइट ऑफ द लेट रेन्स, द तूर क्रॉप सर्व्हाइव्ह्ड.’

तिन्ही वाक्यांचा आशय एक आहे. फरक वजनाचा आहे. ‘बट’ने दोन्ही गोष्टी बरोबरीने मांडल्या व दुसरीवर भर दिला. ‘ऑल्दो’ने उशिरा आलेल्या पावसाला दुय्यम स्थान दिले. ‘इन स्पाइट ऑफ’ने तर त्या पावसाचे संपूर्ण वाक्य मोडून त्याचे एक लहान नाम केले. विद्यार्थ्यास तिन्ही रचना एकाच आशयावर करावयास लावाव्यात. निरनिराळ्या उदाहरणांवर एकेक रचना शिकविली की त्यांचे नाते हरवते.

‘इन स्पाइट ऑफ’ आणि ‘डिस्पाइट’

या दोहोंचा अर्थ एकच असून दोन्ही शब्दयोगी अव्ययांप्रमाणे वागतात. त्यांच्यापुढे नाम, सर्वनाम किंवा धातुसाधित नाम येते. कर्ता व क्रियापद असलेले पूर्ण वाक्य येत नाही. ‘इन स्पाइट ऑफ ही इज पुअर’ हे अशुद्ध. ‘इन स्पाइट ऑफ हिज पॉव्हर्टी’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ बीइंग पुअर’ हे शुद्ध. पूर्ण वाक्यच ठेवावयाचे असेल, तर मध्ये ‘द फॅक्ट दॅट’ घालावे लागते. त्यापेक्षा ‘ऑल्दो’ वापरणे सुटसुटीत.

‘डिस्पाइट’पुढे ‘ऑफ’ येत नाही. ‘इन स्पाइट ऑफ’ पाठ झालेला विद्यार्थी सवयीने ‘डिस्पाइट ऑफ’ लिहितो. ही चूक सुशिक्षितांच्या पत्रांतही दिसते.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मराठीत ‘पाऊस पडूनही पीक आले नाही’ असे आपण सहज म्हणतो. पडला पाऊस, आले नाही पीक. कर्ते दोन आहेत, तरी मराठीला चालते. यावरून विद्यार्थी ‘इन स्पाइट ऑफ रेनिंग, द क्रॉप फेल्ड’ असे लिहितो. इंग्रजीत अशा धातुसाधित नामाचा कर्ता मुख्य वाक्याचाच कर्ता मानला जातो. त्यामुळे या वाक्याचा अर्थ ‘पीक बरसले तरी ते बुडाले’ असा काहीतरी विचित्र होतो. येथे ‘इन स्पाइट ऑफ द रेन’ असे नामच ठेवावे. कर्ता एकच असेल, तेव्हा ‘असूनही’ व ‘करूनही’ यांची इंग्रजी रूपे निर्धास्तपणे वापरता येतात : ‘इन स्पाइट ऑफ वॉकिंग फाइव्ह किलोमीटर्स, द गर्ल वॉज नॉट लेट.’ चालली तीच मुलगी, उशीर न झालेली तीच मुलगी.

‘हाउएव्हर’ आणि मराठीचा ‘मात्र’

‘हाउएव्हर’ हा शब्द कार्यालयीन पत्रांत वारंवार येतो आणि बहुधा ‘बट’च्या जागी नुसताच बसविलेला असतो. ‘बट’ दोन वाक्यांना सांधतो. ‘हाउएव्हर’ सांधत नाही. तो फक्त मागील वाक्याशी असलेला विरोध सुचवितो. म्हणून त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम येतो. ‘द रोड इज गुड. हाउएव्हर, द बस डझ नॉट कम.’ येथे दोन वाक्ये दोनच राहिली आहेत.

मराठीचा ‘मात्र’ त्याच्याशी जवळचा आहे. ‘रस्ता चांगला आहे. बस मात्र येत नाही.’ ‘मात्र’ जसा वाक्याच्या आत सरकतो, तसा ‘हाउएव्हर’ही सरकतो : ‘द बस, हाउएव्हर, डझ नॉट कम.’ अशा वेळी दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यावेत. ‘परंतु’ असा सरकत नाही, ‘बट’ही सरकत नाही. ‘परंतु’ला ‘बट’ आणि ‘मात्र’ला ‘हाउएव्हर’ अशी सांगड घातली, तर विरामचिन्हांचा नियम पाठ करावा लागत नाही, तो समजतो. ‘नेव्हरदलेस’ हाही याच वर्गातील शब्द असून त्याचा अर्थ ‘तथापि’, ‘असे असूनही’ असा अधिक जोराचा आहे.

भेद आणि विरोध यांतील अंतर

प्रत्येक विरोधात अपेक्षाभंग असतोच असे नाही. कधी दोन गोष्टी केवळ शेजारी ठेवून त्यांतील भेद दाखवावयाचा असतो. बिदर पठारावर आहे, तर गाणगापूर भीमेच्या काठी आहे. बिदर पठारावर असल्यामुळे गाणगापूरही पठारावर असावे, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. म्हणून येथे ‘ऑल्दो’ शोभत नाही. ‘व्हेअरअ‍ॅज’ किंवा ‘व्हाइल’ हवा. ‘बिदर स्टँड्स ऑन अ प्लॅटो, व्हेअरअ‍ॅज गाणगापूर लाइज ऑन द बँक ऑफ द भीमा.’ मराठीत या जागी ‘तर’ येतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण याच भूमीतील आहे. विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या राजधानीत, कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, ‘मिताक्षरा’ ही टीका रचली. हिंदू वारसा कायद्याच्या इतिहासात मिताक्षरा आणि दायभाग असे दोन पंथ प्रसिद्ध आहेत. ‘द मिताक्षरा प्रिव्हेल्ड ओव्हर मोस्ट ऑफ इंडिया, व्हेअरअ‍ॅज द दायभाग प्रिव्हेल्ड इन बेंगॉल.’ दोन समान दर्जाची विधाने, दोन भिन्न प्रदेश. कोणी कोणाला बाध आणीत नाही.

याउलट बिदरच्या महमूद गवानच्या मदरशाचे उदाहरण घ्यावे. १४७२ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूच्या दर्शनी भागाला दोन मिनार होते. त्यांतील एक आज उरला आहे. ‘ऑल्दो वन मिनार हॅज फॉलन, द अदर स्टिल स्टँड्स.’ एक पडला की दुसराही पडावा अशी भीती वाटते आणि ती खरी ठरली नाही. येथे अपेक्षाभंग आहे, म्हणून ‘ऑल्दो’ योग्य ठरतो.

‘ऑन द कॉन्ट्ररी’ आणि ‘ऑन द अदर हँड’ यांचीही अशीच गल्लत होते. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ म्हणजे ‘उलट’. आधीचे म्हणणे खोडून काढून खरी गोष्ट सांगावयाची असेल, तेव्हाच तो येतो : ‘द वेल इज नॉट ड्राय. ऑन द कॉन्ट्ररी, इट इज फुल.’ विहीर एकच आहे. ‘ऑन द अदर हँड’ म्हणजे ‘दुसऱ्या बाजूने पाहता’. त्यात पहिली बाजूही खरी असते : ‘द वेल इज डीप. ऑन द अदर हँड, इट इज फार फ्रॉम द व्हिलेज.’

‘ईव्हन इफ’ आणि ‘ईव्हन दो’

कार्यालयात काम करणाऱ्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. मराठीचा ‘तरी’ आणि कन्नडचा ‘रू’ घडलेली गोष्टही दाखवितात व न घडलेली, केवळ कल्पिलेली गोष्टही दाखवितात. ‘पाऊस आला तरी सभा होईल’ यात पाऊस अजून यावयाचा आहे. ‘पाऊस आला तरी सभा झाली’ यात पाऊस येऊन गेला आहे. इंग्रजी या दोन अवस्थांसाठी दोन शब्द वापरते.

‘ईव्हन इफ इट रेन्स, द मीटिंग विल बी हेल्ड.’ पाऊस येईल किंवा येणार नाही.

‘ईव्हन दो इट रेन्ड, द मीटिंग वॉज हेल्ड.’ पाऊस आला, हे निश्चित.

समजा, एका शेतकऱ्याने जमीनमहसूल भरला आहे आणि तरीही त्याच्या नावावर बाकी दिसते. टिपणीत ‘ईव्हन दो द अ‍ॅप्लिकंट हॅज पेड’ असे लिहिले, तर त्याने पैसे भरले ही गोष्ट मान्य झाली. ‘ईव्हन इफ द अ‍ॅप्लिकंट हॅज पेड’ असे लिहिले, तर ‘भरले असतीलही, नसतीलही’ असा अर्थ होऊन त्याला पावती घेऊन पुन्हा खेटे घालावे लागतील. लिहिणाऱ्याच्या मनात संशय नसतो. तो केवळ ‘तरी’चे भाषांतर करीत असतो. परंतु कागद वाचणाऱ्यास लिहिणाऱ्याचे मन दिसत नाही, शब्दच दिसतात.

‘पण’ म्हणजे नेहमीच ‘बट’ नव्हे

बोलीत ‘मी पण येतो’ असे म्हणतात. हा ‘पण’ विरोधाचा नसून ‘सुद्धा’ या अर्थाचा आहे. त्याचे इंग्रजी ‘आय अ‍ॅम कमिंग टू’ किंवा ‘आय अ‍ॅम ऑल्सो कमिंग’ असे होईल. येथे ‘बट’ घातल्यास वाक्याला अर्थच राहत नाही. उलट दिशेने पाहता, इंग्रजीचा ‘बट’ही नेहमी ‘पण’ नसतो. ‘ऑल बट वन वेअर प्रेझेंट’ म्हणजे ‘एक सोडून सर्व हजर होते’. शब्दाला शब्द न ठेवता अर्थाला अर्थ ठेवावा, हा भाषांतराचा पहिला नियम येथे उपयोगी पडतो.

‘ऐवजी’ या शब्दासाठी ‘इन्स्टेड ऑफ’ वापरावे. त्यात विरोधापेक्षा निवड असते. ‘इन्स्टेड ऑफ जोवार, ही सोड सोयाबीन’ या वाक्यात एक पीक सोडून दुसरे पेरले एवढाच भाव आहे. तेथे ‘इन स्पाइट ऑफ’ घालू नये.

कायद्यातील ‘परंतु’

कायद्याच्या भाषेत विरोधदर्शक शब्दांना ठरावीक अर्थ आहे. कलमाच्या शेवटी ‘प्रोव्हायडेड दॅट’ने सुरू होणारा भाग मराठी कायद्यांत ‘परंतु’ने सुरू होतो, त्यालाच परंतुक म्हणतात. मूळ नियमातून एखादी बाब वगळणे किंवा तिला मर्यादा घालणे, हे त्याचे काम. ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू होणारे कलम मराठीत ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ अशा शब्दांनी मांडले जाते. त्याचा अर्थ असा की, विरुद्ध तरतूद असली तरी हे कलम तिच्यावर मात करील. परंतुक नियमातून काही कापून घेते, तर ‘नॉटविथस्टँडिंग’ दुसऱ्या नियमाला बाजूला सारते. ग्रामस्थांनी एखादा नियम वाचताना केवळ पहिले वाक्य वाचून थांबू नये; त्याखालील ‘परंतु’ अवश्य वाचावा. सवलत किंवा अट पुष्कळदा तेथेच असते.

भारतात इंग्रजीचे जे स्थान आहे, तेही अशाच एका शब्दावर उभे आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांस सांगण्याजोगी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ च्या पहिल्या खंडाने देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरविली. दुसरा खंड ‘नॉटविथस्टँडिंग’ या शब्दाने सुरू होतो आणि पहिल्या खंडात काहीही असले तरी पंधरा वर्षे इंग्रजीचा वापर चालू राहील, असे सांगतो. ही मुदत १९६५ मध्ये संपावयाची होती. तत्पूर्वी १९६३ साली राजभाषा अधिनियम झाला आणि त्याच्या तिसऱ्या कलमाचा आरंभही पुन्हा त्याच शब्दाने झाला : पंधरा वर्षांची मुदत संपली तरी इंग्रजी वापरता येईल. औरादच्या शाळेतील मूल आज इंग्रजीचा जो पाठ गिरविते, त्यामागे या दोन ‘तरीं’चाही हात आहे.

वर्गात हा पाठ कसा घ्यावा

या पाठासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. पुढील क्रम सोयीचा ठरेल :

१. विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच गावातील दोन-दोन गोष्टी सांगवून घ्याव्यात. विहीर, एस. टी. किंवा कर्नाटक परिवहनाची बस, आठवडी बाजार, जनावरे, परीक्षा असे विषय पुरेसे आहेत.

२. पहिली गोष्ट ऐकल्यावर मनात कोणती अपेक्षा उभी राहते, ते विचारावे. अपेक्षा मोडत असेल, तर ‘विरोध’ आणि मोडत नसेल, तर ‘भेद’ असे फळ्यावर लिहावे.

३. वाक्य प्रथम मराठीत जोडून घ्यावे. ज्या मुलांना येते, त्यांच्याकडून ते कन्नडमध्ये व दखनीतही म्हणवून घ्यावे. किती खुणा आल्या, ते मोजावे.

४. त्यानंतर इंग्रजीत ‘बट’, ‘ऑल्दो’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ अशा तिन्ही रचना कराव्यात.

५. शेवटी वाक्यांचा क्रम उलटा करून अर्थाचे वजन कोठे सरकले, ते विचारावे. इंग्रजीत ‘ऑल्दो’चे वाक्य मागेही येऊ शकते : ‘द तूर क्रॉप सर्व्हाइव्ह्ड ऑल्दो द रेन्स केम लेट.’

चुकीचे वाक्य लिहिणाऱ्या मुलास हसू नये व हसू देऊ नये. दोन खुणा ठेवणारा विद्यार्थी आपल्या मातृभाषेचा नियम इमानाने पाळीत असतो. त्याला दुसऱ्या भाषेचा नियम दाखविणे एवढेच शिक्षकाचे काम आहे.

अभ्यास

पुढील विधाने कंसातील शब्दाने इंग्रजीत जोडा.

१. द बॉय वॉज इल. ही टुक द एक्झामिनेशन. (ऑल्दो)

२. द रोड वॉज बॅड. द डॉक्टर रीच्ड द व्हिलेज. (इन स्पाइट ऑफ)

३. भालकी इज इन बिदर डिस्ट्रिक्ट. आळंद इज इन कलबुर्गी डिस्ट्रिक्ट. (व्हेअरअ‍ॅज)

४. द टँक इज फुल. द कॅनॉल इज ड्राय. (हाउएव्हर)

५. द बस मे बी लेट. वुई शॅल वेट. (ईव्हन इफ)

उत्तरे : १. ऑल्दो द बॉय वॉज इल, ही टुक द एक्झामिनेशन. २. इन स्पाइट ऑफ द बॅड रोड, द डॉक्टर रीच्ड द व्हिलेज. ३. भालकी इज इन बिदर डिस्ट्रिक्ट, व्हेअरअ‍ॅज आळंद इज इन कलबुर्गी डिस्ट्रिक्ट. ४. द टँक इज फुल. हाउएव्हर, द कॅनॉल इज ड्राय. ५. ईव्हन इफ द बस इज लेट, वुई शॅल वेट.

समारोप

बिदरचे कारागीर जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूच्या भांड्यावर चांदीची नक्षी बसवितात आणि मग किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने भांडे घासतात. धातू काळा पडतो, चांदी मात्र तशीच शुभ्र राहते. तो काळा रंग नसता, तर नक्षी उठून दिसली नसती. वाक्यातील विरोधाचेही असेच आहे. अडचण आधी सांगितली म्हणजे तिच्यावर केलेली मात उठून दिसते. नियम आधी सांगितला म्हणजे त्यातील सवलत ध्यानात येते. हे काम करणारा शब्द लहान असतो, पण तो योग्य जागी बसला पाहिजे. मराठीचे ‘जरी–तरी’ ज्यांना उत्तम येते, त्यांना इंग्रजीचा एकटा ‘ऑल्दो’ जड जाण्याचे कारण नाही.